डंजनमध्ये वातावरण कसं आणायचं? माझ्या सगळ्या खोल्या सारख्याच वाटाल्यात

शनिवारचा_डीएम:

भावांनो मदत पाहिजे. आम्ही पाच जण दर शनिवारी रात्री राजारामपुरीत मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत डी अँड डी खेळतो (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फासे टाकत बोलून खेळायचा कल्पनेतला खेळ), पाचवी एडिशन, मी डीएम म्हणजे गोष्ट सांगणारा डंजन मास्टर, सात महिने झाले. शहराचा सीन असला की मला काही अडत नाही, बाजार आला की मी लक्ष्मीपुरीतला गलका डोळ्यासमोर आणतो आणि बोलतच सुटतो, जंगल पण जमतं कारण दाजीपूरला लहानपणापासनं जाणं आहे. पण पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, जमिनीखाली डंजनच्या खोल्याबोगद्यांत गेली रे गेली की माझं तोंडच बंद होतं. "खोली तीस बाय वीस फूट, दगडी भिंती, अंधार, समोर एक दार." पुढची खोली, "चाळीस बाय वीस, दगडी भिंती, अंधार, दोन दारं." तिसऱ्या खोलीला पोरं मोबाईल काढतात आणि त्यांची चूक पण नाही.

मागच्या वेळी ठरवून आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत बसून दीड पानाचं वर्णन लिहिलं, भिंतीवरचं शेवाळं, कोळ्याची जाळी, पायाखालचा गारठा, सगळं. वाचायला लागलो तर तिसऱ्या वाक्याला आमचा बुटका योद्धा फासे एकावर एक रचाय लागला आणि चोर क्लासवाला म्हणाला, "भावा, राक्षस किती आहेत तेवढं सांग." लई वाईट वाटलं, खरं सांगतो.

आत्ताचं डंजन म्हणजे एका डोंगरी किल्ल्याच्या पोटातलं धान्याचं कोठार. दोनशे वर्षं बंद, सहा महिन्यांपासनं गॉब्लिन, म्हणजे बुटके राक्षस, राहायला आल्यात आणि त्यांच्या खालच्या मजल्यावर त्यांच्यापेक्षा जुनं काहीतरी आहे ज्याला गॉब्लिन पण भितात. येत्या शनिवारी पार्टी आत शिरणार. एका खोलीला किती तपशील द्यायचे, ते आणायचे कुठनं, आणि मराठीत बोलताना ते पुस्तकी वाटू नयेत म्हणून काय करायचं, एवढं सांगा. आम्ही पूर्ण मराठीतच खेळतो.

कंदील_आणि_दोर:

मित्रा, मी बरीच वर्षं डीएम आहे आणि या खड्ड्यात मी पण पडलोय. तुझ्या दीड पानात पोरांनी हात लावावा असं काय होतं? शेवाळं आहे, बरं, मग त्याचं काय करायचं? जाळी आहे, मग काय? ऐकणाऱ्याला आपोआप कळतं की हे नुसतं सजावटीला आहे, आणि तो राक्षसांची वाट बघत बसतो. तपशील असा दे की त्यावर कुणीतरी काहीतरी विचारेल. "कोळ्याची जाळी आहे" याच्यापेक्षा "जाळी दाराच्या वरच्या अर्ध्यातच आहे, खालची तुटलीय" असं सांग. झालं, तुझा चोर लगेच म्हणणार की इथनं कोणतरी बुटकं जातंय. तू गॉब्लिन हा शब्द तोंडातनं काढलेला नाहीस आणि त्याला गॉब्लिन दिसले.

एका खोलीला दोन तपशील बास. त्यातला एक तरी डोळ्याचा नको, नाकाचा, कानाचा, नाहीतर कातडीचा. आणि आधी फक्त दोन वाक्यं बोलून गप्प बस, त्यांना विचारू दे, बाकीचं विचारल्यावर काढ.

दुसरं म्हणजे उजेड. आपण "अंधार आहे" म्हणतो आणि मग सगळी खोली लाईट लावल्यासारखी सांगून टाकतो. नियमातच आहे की मशालीचा लख्ख उजेड २० फूट आणि त्यापुढे आणखी २० फूट अंधुक, आणि मशाल एक तासात विझते. म्हणजे तीस बाय वीसची खोली दारातनं मशाल धरली तर पूर्ण नीट दिसतच नाही! मागचे दहा फूट अंधुक राहतात. तर मागच्या भिंतीला काय आहे ते सांगूच नकोस, "मागच्या बाजूला काहीतरी उभं आहे, माणसाएवढं" म्हण आणि मशाल कुणाच्या हातात आहे ते विचार. जो मशाल धरणार त्याचा एक हात गेला, ढाल का मशाल हे त्याला ठरवावं लागतं. आणि बुटक्याची डार्कव्हिजन (अंधारात दिसायची शक्ती) असेल तर त्याला अंधारात सगळं राखाडी दिसतं, रंग नाही. त्याला "जमिनीवर काळपट ओल आहे" सांग. ती लाल आहे हे मशालवाला जवळ आल्यावरच कळणार.

एकदा पन्हाळ्याला अंधारबावडीत जाऊन ये, लहानपणी गेला असशील, आता डीएम म्हणून जा. तीन मजली आहे, तळाला पाणी, शत्रूनं पाण्यात विष कालवू नये म्हणून विहिरीलाच किल्ला करून टाकलाय. मे महिन्यात दुपारी बाराला बाहेरच्या उन्हातनं आत पाय टाकलास की पहिले काही क्षण काहीच दिसत नाही, नुसती गार हवा पायाला लागते, आधी पायाला, मग तोंडाला. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीसतीस मिनिटं लागतात. मी तिथं पायरीवर बसून वहीत लिहिलं होतं काय काय कधी कळलं ते. आधी गारठा, मग आपल्याच चपलांचा आवाज मोठा झालेला, मग वास, आणि आकार सगळ्यात शेवटी. तेव्हापासनं मी डंजनच्या तोंडाशी याच क्रमानं सांगतो.

एक आवाज पण ठरवून ठेव. पाणी ठिबकायचा चालेल. पहिल्या खोलीपासनं प्रत्येक खोलीत एकदा सांग, "लांब कुठंतरी ठिबकतंय." चारपाच वेळा झालं की त्यांना त्याची सवय होते, ऐकूच येत नाही. मग एका खोलीत सांग की ठिबकणं थांबलंय. बघ मग कोण मोबाईल बघतंय.

काकवी:

मराठीत पुस्तकी वाटतं हा जो प्रश्न आहे त्यावर बोलतो कारण त्यावर मी लई डोकं घातलंय. आपण मनातल्या मनात इंग्रजी वर्णनाचं भाषांतर करतो म्हणून ते तसं वाटतं. "हवेत प्राचीन क्षयाचा दर्प होता" असलं कोण बोलतं? पण आपल्याकडं वासाला इतके शब्द आहेत की बास. कुबट म्हणजे पावसाळ्यात न वाळलेलं कापड, कोंदट म्हणजे हवा न फिरलेली खोली, खवट म्हणजे जुनं तेल नाहीतर जुनं खोबरं, आंबूस, करपट, उग्र, ओशट. "घाण वास येतोय" म्हणालास तर काहीच कळत नाही, पण "खवट वास येतोय" म्हणालास की कोठारात कधीकाळी तेलबिया होत्या हे सांगून झालं. आवाजाचं पण तेच, सळसळ, खरखर, करकर, ठिबठिब, घरघर. "वरच्या छतातनं खरखर आली आणि थांबली" एवढं वाक्य पुरतं. आपली आजी भुताच्या गोष्टी सांगायची त्या सुरात सांग, तिच्या तोंडात एक पण पुस्तकी शब्द नसायचा आणि आपण गोधडीत शिरायचो.

आणि वास खोलीच्या आधी येऊ दे. आमच्या गावाकडं गुऱ्हाळ सुरू झालं की गुऱ्हाळ दिसायच्या आधी अर्ध्या किलोमीटरवरनं रस उकळल्याचा वास येतो, वारं कुठनं आहे ते पण कळतं. गॉब्लिनांचा स्वयंपाक असाच दोन वळणं आधी कळला पाहिजे. वास एका बोगद्यातनं येतोय आणि दुसऱ्यातनं येत नाही, तर पार्टीला निवड करायला काहीतरी मिळालं ना. नाहीतर डावं का उजवं हा नुसता छापाकाटा असतो.

दुसरी जागा म्हणजे जुनी तालीम. कोल्हापुरात राहून डंजनला जागा शोधतोयस! जुन्या तालमीचं दार बुटकं, वाकून आत जायचं, आत जमीन रस्त्यापेक्षा खाली, खिडक्या नाहीत नाहीतर अगदी बारीक, आणि आत पाऊल टाकलं की तो वास, तांबडी माती, त्यात तेल, ताक, हळद, लिंबू कालवलेलं आणि वर घाम. हवा अंगाला चिकटते. कोपऱ्यात मारुती, त्याच्यापुढं दिवा. माती मऊ आहे म्हणून पायाचा आवाज येतच नाही, उलट आपला श्वासच ऐकू येतो. मी ही जागा उचलून जशीच्या तशी एका ओर्कांच्या अड्ड्यात घातली होती, फक्त मारुतीच्या जागी त्यांचा देव. पोरांनी तिथं कोणाला मारलंच नाही, कुस्ती लावली.

एक जरा गंभीर. आमच्याकडं जुन्या विहिरीत उतरायच्या आधी माणसं कंदील दोरीला बांधून खाली सोडतात. कंदील विझला तर कोणी उतरत नाही, कारण खाली जड वायू साचलेला असतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस खाली गेला की गुडघ्यातनं बसतो आणि उठत नाही, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तो पण जातो. दोनशे वर्षं बंद कोठार म्हणजे हे हवंच. तुझ्या खालच्या मजल्याच्या जिन्यावर मशालीची ज्योत बारीक होऊ दे, एवढंच सांग. ज्याच्या घरी विहीर आहे तो टेबलावरचा खेळाडू लगेच बाकीच्यांचा हात धरेल.

उंबरठा:

मी आर्किटेक्चरची आहे त्यामुळं मला दाराचं बोलू दे. जुन्या दारांना आतनं अडसर असतो, आडवं लाकूड, आणि त्यासाठी दोन्ही बाजूंच्या भिंतीत खाचा असतात. तर खाचा कुठल्या बाजूला आहेत ते सांग. आतल्या बाजूला असतील तर आतल्या माणसांनी बाहेरच्यांना अडवायला दार केलंय. तुझ्या खालच्या मजल्याच्या दाराला त्या बाहेरच्या बाजूला दे. म्हणजे आतलं बाहेर येऊ नये म्हणून केलंय. हे एक वाक्य आहे आणि त्यापुढं तुला भीतीदायक असा एक शब्दही वापरायची गरज नाही. फक्त सांगायची घाई करू नकोस, कुणीतरी दार बघतो म्हणाला की सांग.

पायऱ्या मधोमध झिजलेल्या असतात हे सगळे सांगतात. पण कोठाराच्या पायऱ्या एकाच बाजूला जास्त झिजतील, कारण डोक्यावर पोतं घेतलेला माणूस भिंतीला हात लावून उतरतो. त्या भिंतीवर कंबरेच्या वर एक गुळगुळीत पट्टा असेल, शेकडो तळव्यांनी घासलेला. दिव्याच्या कोनाड्याच्या वर काजळीची जीभ असेल. आता गॉब्लिनांची उंची कमी, त्यांनी नवीन दिवे खाली ठेवलेत, त्यांची काजळी गुडघ्याएवढ्या उंचीवर आणि ताजी, बोटाला लागते. जुनी काजळी बोटाला येत नाही. एका भिंतीवर दोन काळ दिसले की नाही?

पन्हाळ्याचा अंबरखाना बघितलाच असशील, गंगा यमुना सरस्वती अशी कोठारं. आत उभं राहून एकदा टाळी वाजव. रिकाम्या मोठ्या कोठाराचा घुमारा आणि धान्याने भरलेल्या कोठाराचा आवाज वेगळा, भरलेल्यात आवाज खाऊन टाकला जातो. अंधारात खोली भरलेली आहे का रिकामी हे बुटक्याला हाक मारून कळू शकतं, ही युक्ती त्यांना सापडू दे.

आणि पुढंमागं एखादं कोडं पाहिजे असेल तर आपल्या अंबाबाईचा किरणोत्सव डोळ्यासमोर ठेव. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, आणि नोव्हेंबरात ९, १०, ११, मावळतीचं ऊन महाद्वारातनं सरळ गाभाऱ्यात येतं, पहिल्या दिवशी पायाशी, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. मला शाळेत असताना आजीनं एकदा उभं केलं होतं गर्दीत, सगळं देऊळ गप्प होतं आणि उजेड फरशीवरनं सरकत होता, तो सरकताना दिसतो हो, खरंच दिसतो. डंजनमध्ये असा एकच झरोका आणि दिवसातनं एकदाच येणारा उजेड ठेवला तर पार्टीला वेळेचं भान येतं. खिद्रापूरच्या कोपेश्वराचा स्वर्गमंडप पण बघ, ४८ खांब आणि छत मधोमध गोल उघडं, खालच्या दगडावर आभाळाचा गोल पडतो.

वीस_पडलं_पायजे:

सगळं भारी आहे पण एक गोष्ट मला पटत नाही, प्रत्येक खोलीला दोन तपशील हा नियम. तीनचार खोल्या कोऱ्या सोड. "पुढं बारा फूट बोळ, काही नाही, पुढं चला." सगळीकडंच काहीतरी असलं की पोरं प्रत्येक दगड ठोकून बघतात आणि तीन तासांत दोन खोल्या होतात, आमच्याकडं झालंय ते. आणि कोरी जागा पण कामाला येते. दोनशे वर्षं बंद असलेल्या बोळात धूळ नाही, उंदराच्या लेंड्या नाहीत, जाळी नाही, फरशी धुतल्यासारखी स्वच्छ. नवीन पोरांना वाटतं बरं झालं. जुना खेळाडू तिथंच थांबतो, कारण जिलेटिनस क्यूब, म्हणजे जेलीचा चौकोनी ठोकळा असलेला राक्षस, दहा फूट रुंदीचा असतो आणि बोळ चाटूनपुसून खात जातो, आणि समोर उभा असला तरी काचेसारखा आरपार दिसतो. काही नाही हाच तपशील.

पार्श्वसंगीत लावतोस का? माझं मत, लढाई सोडून बंद ठेव. गच्चीवर आहात तर रात्री अकराला रस्ता शांत होतो, ती शांतता वापर.

पंचगंगाकाठ:

मी हा खेळ खेळत नाही, मुलगा खेळतो, त्यानं हा धागा दाखवला म्हणून लिहितेय. पण बंद पडलेली जागा कशी दिसते ते मला माहीत आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात पुराचं पाणी आलं. पाणी उतरल्यावर कुलूप काढलं तर दार उघडेना, लाकूड फुगलं होतं, दोघांनी खांदा लावला. आत गेल्यावर पहिलं काय दिसलं तर भिंतीवरची रेघ. पट्टी धरून मारल्यासारखी सरळ, माझ्या खांद्याएवढी उंच, आणि ती सगळ्या खोल्यांतनं त्याच उंचीवर गेलेली, कपाटावरनं, फ्रीजवरनं, देवाच्या फोटोच्या काचेवरनं सुद्धा. रेघेच्या वर आमचं घर होतं तसंच, कॅलेंडर, घड्याळ, खुंटीवरची पिशवी. रेघेच्या खाली सगळं एकाच रंगाचं. गाळ पिठासारखा बारीक, चमच्याच्या स्टँडमध्ये, बंद ड्रॉवरमध्ये, सुईच्या डबीत. आणि वस्तू आपल्या जागी नव्हत्या. जड वस्तू जागच्या जागी होत्या पण हलक्या तरंगून भलतीकडं गेल्या होत्या, स्वयंपाकघरातला तांदळाचा स्टीलचा डबा बेडरूममध्ये पलंगावर सरळ उभा, झाकण घट्ट, उघडला तर तांदूळ कोरडा. मी त्या डब्याजवळ बसून रडले, बाकी कशानं रडले नव्हते. तो वास अजून जात नाही, दर जूनला पहिल्या पावसात भिंत परत तोच वास सोडते.

तुमच्या कोठारात कधी पाणी चढलं असेल तर ती रेघ असणारच. आणि जे कोणी तिथं राहायला आलेत त्यांनी एकदा पाणी बघितलं असेल तर ते आपलं सामान रेघेच्या वर ठेवतील. आम्ही अजून ठेवतो. मीटरचा बोर्ड, कागदपत्रं, गादी, सगळं रेघेच्या वर.

शनिवारचा_डीएम:

काल खेळ झाला, रात्री अडीच वाजले. सगळ्यांचे मनापासनं आभार, आणि ताई तुमचं विशेष, तुमचं वाचून मी डंजनच बदललं.

दीड पान फाडलं. प्रत्येक मोठ्या खोलीला वहीत एकच ओळ लिहून नेली. दारात गारठा आधी पायाला दिला, मग ठिबकणं, मग खवट वास. मशाल चोराच्या हातात होती आणि त्याला धनुष्य काढता येईना यावरच पाच मिनिटं गेली, छान गेली. पायऱ्यांवरचा गुळगुळीत पट्टा आमच्या धर्मगुरूवालीनं स्वतःहून हात लावून बघितला, म्हणजे खऱ्या खोलीत बसल्या बसल्या तिचा हात हवेत भिंतीला लागला होता, मी बघितलं ते.

पहिल्या कोठारात मी सांगितलं, "चारही भिंतींवर एक सरळ रेघ आहे, खालचा दगड करडा, वरचा काळा." बुटका म्हणाला रेघ माझ्या किती वर आहे. मी म्हटलं, हात वर केलास तरी वीतभर वर. मग चोरानं विचारलं गॉब्लिनांचं सामान कुठं आहे, आणि मी एवढंच म्हणालो की खाली काहीच नाही, सगळी गाठोडी छताजवळच्या खुंट्यांना टांगलीत, चूल सुद्धा वरच्या कट्ट्यावर आहे, आणि एक पाळणा. कोणी काही बोलंना. मग आमचा मांत्रिक, जो सात महिन्यांत नकाशाकडं बघत नव्हता, म्हणाला, "भावा, तुझ्या दुनियेत आत्ता महिना कुठला चालू आहे?" मोबाईल एकाचाही बाहेर नव्हता. पाळणा बघितल्यावर गॉब्लिनांशी लढायचं का बोलायचं यावरच अर्धा तास वाद झाला आणि शेवटी बोलायचं ठरलं, म्हणजे माझी लढाईची तयारी वाया गेली पण चालतंय.

खालच्या दारापर्यंत पोचले. अडसराच्या खाचा बाहेरच्या बाजूला आहेत हे सांगितलं आणि त्यानंतर म्हणालो की ठिबकणं थांबलंय. तिथंच खेळ थांबवला.

पुढच्या शनिवारी पाणी चढणार. ताई, आठवायला त्रास होणार असेल तर राहू दे, पण बंद घरात पाणी यायच्या आधी पहिलं काय कळतं?

पंचगंगाकाठ:

त्रास नाही बाळा, विचार की. पाणी दारातनं येत नाही आधी. रस्ता अजून कोरडा असतो आणि आपण खिडकीतनं रस्त्याकडंच बघत बसलेलो असतो. पहिला आवाज मोरीतनं येतो. जाळीच्या खालनं हवा वर येते, बुडबुड, जरा थांबते, परत बुडबुड. मग मोरीतनं झुरळं बाहेर पडतात, दहावीस नाही, सगळीच, आणि ती आपल्याकडं बघत पण नाहीत, सरळ भिंतीवर चढतात.